उसाचं बेणं, जहाजं आणि माणसांचा बाजार

वाचक विचारतात : अटलांटिकचा व्यापार आणि गुलामी

मागच्या अंकात कोलंबसच्या दुसऱ्या सफरीबद्दल लिहिताना एक ओळ सहज आली होती, की १४९३ साली जाताना त्यानं कॅनरी बेटांवरून उसाचं बेणंही सोबत नेलं. आता सांगली-साताऱ्याच्या वाचकांसमोर उसाचं नाव काढल्यावर पत्रं येणारच, तशी ती भरपूर आली, आणि जवळजवळ सगळी फिरून एकाच ठिकाणी पोचली होती ती म्हणजे गुलामी. म्हणून या महिन्यात दुसरा कुठलाच विषय घेतला नाही. पत्रं थोडी छोटी केलीत, भाषा मात्र ज्याची त्याची तशीच ठेवलीये.

सर नमस्कार. ऊस आम्ही तीन पिढ्या करतोय. टोळी मिळत नाही, मुकादम उचल घेऊन पळतोय, हे आमचं रोजचंच हाय, पण म्हणून कोण माणूस विकत आणतंय का? तिकडं असं काय अडलं होतं की गुलामच लागले?
(ऊस बागायतदार, वाळवा तालुका)

दादा, टोळी मिळत नाही या तुमच्या तक्रारीतच निम्मं उत्तर आहे बघा. तोडलेला ऊस थांबत नाही, दिवस उलटला की उतारा पडायला लागतो, हे तुम्हाला मी काय सांगणार. त्यामुळं जिथं ऊस तिथंच घाणा लागतो, घाणा लागला की रात्रंदिवस चालवायला माणूस लागतो, आणि तोही ऐन हंगामात, ठराविक संख्येनं, पळून न जाणारा. आपल्याकडच्या रसापासून साखर करायची विद्या इराणात गेली, तिथून अरबांबरोबर सायप्रस, सिसिलीपर्यंत पोचली, आणि १५ व्या शतकात पोर्तुगीजांनी ती मदेरा बेटावर आणि मग आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळच्या साओ टोमे बेटावर नेली. या साओ टोमेत पुढचा सगळा साचा तयार झाला. एक मालक, एकच पीक, जागेवर घाणा, आणि समोरच्या किनाऱ्यावरून विकत आणलेली माणसं. १५३० नंतर तोच साचा उचलून ब्राझीलला नेला.

अमेरिकेतल्या मूळच्या लोकांनाच का नाही जुंपलं असं तुम्ही विचाराल, तर जुंपलं की, पण देवी, गोवर असले युरोपातून आलेले रोग, वर खाणीतली आणि शेतावरची वेठ, यानं कॅरिबियन बेटांवरची वस्ती दोन पिढ्यांत जवळपास संपली. मग इंग्रजांनी १६२७ ला बार्बाडोस बेट घेतलं तिथं पहिली काही वर्षं राबायला बहुतेक गोरी माणसं होती. इंग्लंड-आयर्लंडमधली गरीब पोरं, ४ ते ७ वर्षांच्या करारावर, आणि इंग्लंडचा सेनापती क्रॉमवेल याच्या लढायांत पकडलेले कैदीसुद्धा. पण करार संपला की हा माणूस मोकळा होतो, जमीन मागतो, आणि तिथले हाल ऐकून नवीन माणूस यायला तयार होत नाही. १६४० च्या दशकात बार्बाडोसात साखर सुरू झाली आणि मालकांनी हिशोब केला, की करारावरचा माणूस काही वर्षांपुरता, विकत घेतलेला माणूस मरेपर्यंतचा, आणि त्याची पोरंही आपलीच. १६८० च्या सुमारास त्या बेटावर गुलामांची संख्या गोऱ्यांच्या साधारण दुप्पट झाली होती. चाळीस वर्षांत बेटाचा चेहराच बदलला.

तिथला घाणा कसा होता ते मात्र सांगतो, कारण तुम्हाला ते लगेच कळेल. आपल्या गुऱ्हाळात आता एका मोठ्या काहिलीत रस आटतो, तिथं एका रांगेत चार-पाच तांब्याच्या काहिली असायच्या, मोठीतून छोटीत असा रस पुढं पुढं पळीनं ओतत न्यायचा आणि शेवटच्या सगळ्यात गरम काहिलीपाशी जो माणूस उभा असायचा तो म्हणजे आपला गुळव्याच, रस कधी उतरवायचा हे नजरेनं ओळखणारा, आणि तोही गुलामच. म्हणजे गुलाम म्हणजे अडाणी अंगमेहनतीचा माणूस हे जे डोक्यात असतं ते काढून टाका, अख्ख्या कारखान्याची अक्कल त्यांच्याकडंच होती. खाली जाळायला चिपाडं, खाली गळणाऱ्या काकवीची पुढं रम. आणि उभ्या तीन रोलरमध्ये ऊस घालणाऱ्या बाईच्या शेजारी एक कुऱ्हाड ठेवलेली असायची. रात्रीच्या पाळीत डोळा लागून हात रोलरमध्ये गेला तर घाणा थांबेस्तोवर अख्खं माणूस आत ओढलं जायचं, म्हणून हात तिथल्या तिथं तोडायचा. त्या कुऱ्हाडीबद्दल त्या काळच्या लोकांनीच लिहून ठेवलंय.

एवढ्या हालात माणसं टिकायची कशी? नाहीच टिकली. इंग्रजांच्या कॅरिबियन बेटांवर एकूण सुमारे २३ लाख आफ्रिकन माणसं जिवंत उतरवली गेली, आणि १८३४ ला गुलामी उठली तेव्हा तिथं मोजून पावणेसात लाखांच्या आतच गुलाम शिल्लक होते. लेकरंबाळं धरून. कितीतरी मळ्यांवर नवीन माणूस विकत घेणं हे मूल वाढवण्यापेक्षा स्वस्त पडतं असा उघड हिशोब होता. हे कोणी माथेफिरूनं केलं असतं तर एकवेळ समजलं असतं, पण हे शांतपणे वहीत मांडून केलं, आणि मला तरी यातलं सगळ्यात भयंकर तेच वाटतं.

सर, मी कराडला राहून स्पर्धा परीक्षेची तयारी करते. नोट्समध्ये "त्रिकोणी व्यापार" एवढंच दिलंय, युरोप आफ्रिका अमेरिका आणि बाण काढलेत. यात भारत कुठंच नाही का?
(विद्यार्थिनी, कराड)

भारत आहे, आणि चांगला मोठा आहे, तुझ्या नोट्सवाल्यांनी तो बाण काढायचा राहिलाय. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जहाज गेलं की तिथले व्यापारी काय मागायचे? बंदुका, दारू, लोखंडाच्या कांबी हे होतंच, पण सगळ्यात जास्त मागणी कापडाला, आणि कापड म्हणजे गुजरात आणि कोरोमंडल म्हणजे तमिळ-आंध्र किनाऱ्याचं सुती कापड, पक्क्या रंगाचं. तिथली गिऱ्हाईकं चोखंदळ होती, नमुना आवडला नाही तर माल परत. फ्रेंच तर पाँडिचेरीकडचं निळं कापड खास आफ्रिकेसाठी भरून न्यायचे. दुसरी वस्तू म्हणजे कवड्या. मालदीवच्या समुद्रातल्या कवड्या जहाजात वजन म्हणून भरून युरोपात यायच्या, तिथं पिंपात भरून पश्चिम आफ्रिकेत जायच्या आणि तिथं चलन म्हणून चालायच्या, माणसाची किंमत सुद्धा कवड्यांत मोजली जायची.

आता यातली गंमत नाही म्हणणार मी, पण गुंता बघ. १७२१ ला इंग्लंडनं कायदा करून भारतीय छापील कापड देशात वापरायलाच बंदी घातली, तिथल्या विणकरांचा दंगा होता म्हणून. पण आफ्रिकेला पाठवायला मात्र परवानगी. मग मँचेस्टरच्या बाजूच्या लोकांनी त्याच आफ्रिकन बाजारासाठी आपल्या कापडाची नक्कल करायला सुरुवात केली, आणि त्या नकलेच्या धंद्यातून पुढची सूतगिरण्यांची लाट आली. त्यांना लागणारा कापूस सुरुवातीला कॅरिबियन आणि ब्राझीलचा, पुढं अमेरिकेच्या दक्षिणेतला, सगळा गुलामांनी पिकवलेला.

आणखी एक, त्रिकोण हा शब्द परीक्षेत लिही पण मनात पक्का धरू नको. ब्राझीलची जहाजं सरळ अंगोलाला जायची आणि सरळ परत यायची, युरोपला वळसा घालायची गरजच नव्हती. आकडे लक्षात ठेव : साधारण १ कोटी २५ लाख माणसं आफ्रिकेतून जहाजावर चढवली, १ कोटी ७ लाखाच्या आसपास जिवंत उतरली. यातली सगळ्यात जास्त, ४८ लाखांच्या वर, ब्राझीलला गेली. आज ज्याला अमेरिका देश म्हणतो तिथं आफ्रिकेतून थेट उतरलेली ४ लाखांच्या आत होती. सिनेमांमुळं आपल्याला उलटंच वाटतं.

तुमचं सदर नेहमी वाचतो. मी बँकेत पस्तीस वर्षं काढली. माझा प्रश्न साधा आहे. राजे आणि मोठे व्यापारी गब्बर झाले असतील, पण युरोपातल्या साध्या माणसाला याचं काय?
(निवृत्त बँक कर्मचारी, सांगली)

काका, तुमच्या खात्यातूनच सुरुवात करू. गुलामांचं जहाज म्हणजे दीड-एक वर्ष पैसा अडकून बसणार. नफा होईलच याची खात्री नाही. मग इंग्लंडमधलं लिव्हरपूल, ब्रिस्टल, फ्रान्समधलं नांत अशा बंदरांत आठ-दहा जण मिळून एका जहाजात भाग घ्यायचे, दोरखंडवाला, बेकरीवाला, एखादा डॉक्टर, वकील. मळ्यावरून गुलामांच्या बदल्यात रोख येत नसे, हुंडी यायची, दोन-तीन वर्षांच्या मुदतीची. ती लंडनला वटवणारी पेढी हवी, जहाजाचा विमा उतरवणारा हवा. लॉइड हे नाव आज विम्यात ऐकता ना, ते १६८० च्या दशकात एक कॉफी हाऊस होतं, तिथं बसून जहाजांचे विमे ठरायचे. लंडनमधलं पहिलं कॉफी हाऊस १६५२ चं. कॉफी, साखर, तंबाखू, तिन्ही समुद्रापलीकडचं, आणि तिथंच बसून त्याच मालाचा सौदा. १६७२ ला सनद मिळालेल्या रॉयल आफ्रिकन कंपनीचा प्रमुख राजाचा सख्खा भाऊ होता, आणि भागधारकांत स्वातंत्र्यावर लिहिणारा जॉन लॉक सुद्धा होता.

विमा या धंद्यात किती खोलवर गेला होता ते एका खटल्यावरून कळतं. १७८१ ला झाँग नावाचं लिव्हरपूलच्या मालकांचं जहाज जमैकाला निघालेलं, वाट चुकली, आजारपण सुरू झालं, आणि पाणी कमी पडेल असं कारण सांगून खलाशांनी सुमारे १३० जिवंत माणसं समुद्रात फेकली. कारण? माणूस आजारानं मेला तर नुकसान मालकाचं, पण माल वाचवण्यासाठी माल फेकला तर विमावाल्यानं भरायचं, डोई ३० पौंड. १७८३ ला लंडनच्या कोर्टात केस उभी राहिली ती विम्याची. ज्यूरीनं निकाल मालकांच्या बाजूनं दिला. विमावाले अपिलात गेले तेव्हा मुख्य न्यायाधीश मॅन्सफिल्ड म्हणाले की ज्यूरीच्या दृष्टीनं हे घोडे फेकल्यासारखंच होतं. फेरसुनावणीचा हुकूम तेवढा निघाला. खुनाचा खटला कोणावरही चालला नाही. ही बातमी ग्रॅनव्हिल शार्प या कार्यकर्त्यापर्यंत पोचवली ती स्वतः गुलामीतून सुटलेल्या ओलौदा इक्वियानोनं.

आता साधा माणूस. १७०० च्या सुमारास लिव्हरपूल ५-६ हजार वस्तीचं गाव होतं, १८०१ च्या खानेसुमारीत ७५ हजारांच्या वर गेलं. जहाजबांधणी, पिंपं करणारे, साखर शुद्ध करणारे कारखाने, बेड्या करणारे लोहार, सगळ्यांना काम. त्याच वेळी घरातलं खाणं बदललं. इंग्लंडमध्ये माणशी वर्षाला साखर १७०० ला ४ पौंड (वजनाचे), १८०० ला १८ पौंड. जी साखर एकेकाळी राजेलोक औषधासारखी कुलपात ठेवायचे ती मजुराच्या चहात आली. गरम गोड चहा आणि पाव, हे तिथल्या गिरणी मजुराचं जेवण झालं, चूल पेटवायला वेळ नाही, सरपण महाग, पण चहानं पोट भरल्यासारखं वाटतं. म्हणजे एका टोकाला बार्बाडोसात राबणारी बाई आणि दुसऱ्या टोकाला लँकेशायरमध्ये बारा तास उभी राहणारी बाई, दोघींना जोडणारी ही साखर. दोघींचे हाल सारखे होते असं मी बिलकुल म्हणणार नाही, एकीची मुलं विकली जात होती.

वरच्या थरातही बदल झाला. जुने सरदार जमिनीच्या जोरावर मोठे, त्यांच्या पंगतीला आता बेटांवरचे साखरवाले येऊन बसले, वाडे बांधले, पार्लमेंटच्या जागा घेतल्या. जमैकात जन्मलेला विल्यम बेकफर्ड दोनदा लंडनचा महापौर झाला. त्रिनिदादचे इतिहासकार आणि पुढं तिथले पहिले पंतप्रधान एरिक विल्यम्स यांनी १९४४ ला मांडलं की याच पैशावर इंग्लंडची औद्योगिक क्रांती उभी राहिली. त्यावर आजही भांडण चालू आहे, निव्वळ गुलाम व्यापाराचा नफा एवढा मोठा नव्हता असं बरेच अभ्यासक म्हणतात. माझं मत विचाराल तर फक्त जहाजाचा नफा मोजून चालत नाही, त्याभोवतीची उधारी, विमा, बंदरं, कापडाचा बाजार हे सगळं धरलं तर हा व्यापार बाजूला काढून इंग्लंडची गोष्ट सांगताच येत नाही.

सर, युरोपात त्याआधी गुलाम नव्हते का? आणि काळ्या रंगाचेच का पकडले?
(अकरावीचा विद्यार्थी, मिरज)

होते. इटलीतल्या व्हेनिस, जिनोआचे व्यापारी काळ्या समुद्राच्या बाजूनं गोरी माणसं आणून विकायचे. १४५३ ला तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल घेतल्यावर ती वाट आवळत गेली, आणि त्याच सुमारास पोर्तुगीज जहाजं आफ्रिकेच्या किनाऱ्यानं खाली उतरत होती. १४४४ ला पोर्तुगालच्या लागोस बंदरात २३५ माणसं उतरवून त्यांची वाटणी केली, बाप एकीकडं, मुलं दुसरीकडं, आणि ते बघून तिथली जमलेली माणसंसुद्धा रडत होती असं दरबारी बखरकारानंच लिहिलंय.

रंगाचं म्हणशील तर आधी गरज आली आणि मग रंगाचं कारण शोधलं गेलं, असं मला वाटतं, आणि कायदे वाचले की ते स्पष्ट दिसतं. बार्बाडोसनं १६६१ ला गुलामांसाठी वेगळा कायदा केला. व्हर्जिनियानं १६६२ ला ठरवलं की मूल आईच्या दर्जाचं, म्हणजे मालकानं गुलाम बाईवर जबरदस्ती केली तर होणारं मूल त्याचंच गुलाम. १६६७ ला ठरवलं की बाप्तिस्मा घेतला तरी सुटका नाही. आधी म्हणायचे ख्रिस्ती नाहीत म्हणून गुलाम, ते ख्रिस्ती व्हायला लागल्यावर ते कारण गळालं, मग उरला रंग. जन्मावरून माणसाची जागा कायमची ठरवायची ही पद्धत आपल्याला तर वेगळी समजावून सांगायला नको.

आमच्या ग्रुपवर सारखं येतं की आफ्रिकेतल्या राजांनीच आपली माणसं विकली, मग युरोपला दोष कशाला? वर्गात मुलं विचारतात, काय सांगू?
(शिक्षिका, सातारा)

बाई, विकली हे खरंच आहे, ते लपवू नका. पश्चिम आफ्रिकेतल्या दाहोमीसारखी राज्यं या धंद्यावर माजली. पण "आपली माणसं" हे चूक. त्यांना आपण आफ्रिकन आहोत असं वाटतच नव्हतं, त्यांच्या लेखी ते शत्रूचे कैदी होते. आणि मुलांना काँगोचा राजा अफोन्सो सांगा. हा ख्रिस्ती झालेला, पोर्तुगीज भाषेत पत्र लिहिणारा राजा. १५२६ ला त्यानं पोर्तुगालच्या राजाला लिहिलं की तुमचे व्यापारी रोज माझी रयत पळवतायत, सरदारांची मुलं आणि माझे नातेवाईकसुद्धा, देश ओस पडत चाललाय. उत्तर आलं, पण व्यापार थांबला नाही. पुढं बंदुका आल्या तेव्हा शेजारच्या राज्याकडं बंदूक आहे म्हणून आपल्याला हवी, आणि बंदूक हवी तर माणसं द्या, असा फास बसला. विकणाऱ्याचं पाप विकणाऱ्याच्या पदरात घाला, पण जहाजं, भांडवल आणि शेकडो एकरांचे मळे कोणाचे होते हेही त्याच तासाला सांगा.

आपल्याकडं पेशवाईत गुलाम नव्हतेच म्हणतात. खरं का?
(वाचक, तासगाव)

नाही. कुणबिणी आणि बटकी, म्हणजे गुलाम बायकांच्या खरेदी-विक्रीचे उल्लेख पेशवे दफ्तरात आहेत. पेशवाईच्या आधीपासून हबशी गुलामही येत होते, मलिक अंबर त्यातलाच, इथिओपियातून हातोहात विकला जात आला आणि अहमदनगरच्या निजामशाहीचा कर्ता झाला. गुलाम म्हणून आलेल्या माणसाला असं वर चढता येणं बार्बाडोसात कल्पनेतही नव्हतं, हा फरक मोठा आहे. पण कुणबिणीच्या बाजूनं विचार केला तर तिला त्या फरकाचा काय उपयोग.

शेवटी गुलामी बंद केली ती इंग्रजांनीच ना? आणि ती बंद झाल्यावर ऊस कोण तोडत होतं?
(वाचक, खटाव तालुका)

तुमचा दुसरा प्रश्न फार चांगला आहे, त्याच्याकडं येतोच. बंद करणाऱ्यांत इंग्लंडमधली साधी माणसं होती हे खरं, आणि त्यांना मान द्यायलाच हवा. १७९१ नंतर तिथल्या लाखो लोकांनी साखर खाणं सोडलं, बायकांनी यात पुढाकार घेतला, काही दुकानदार तर हिंदुस्थानची साखर "ही गुलामांनी केलेली नाही" असं सांगून विकायचे. ब्रूक्स नावाच्या जहाजाचा नकाशा १७८८ ला छापून घराघरांत गेला, त्यात कायद्यानं परवानगी दिलेली ४५४ माणसं दाटीवाटीनं झोपलेली दाखवलीत, एका पुरुषाला ६ फूट लांब आणि १६ इंच रुंद जागा. त्याआधी त्याच जहाजानं ६०९ माणसं नेली होती.

पण गुलामांनी स्वतः काय केलं ते आधी घ्यायला हवं. १७९१ च्या ऑगस्टमध्ये कॅरिबियनमधल्या फ्रेंचांच्या सँ-दोमँगवर उठाव झाला, जगातली सगळ्यात श्रीमंत साखरेची वसाहत ती, आणि १८०४ ला तिथं हैती हा स्वतंत्र देश झाला. फ्रान्सनं १८२५ ला युद्धनौका उभ्या करून त्यांच्याकडूनच १५ कोटी फ्रँक भरपाई मागितली, मालकांचं नुकसान झालं म्हणून. १८३१ च्या नाताळात जमैकात सॅम्युअल शार्पच्या मागं हजारो गुलाम उठले, आणि दोन वर्षांत इंग्लंडला कायदा करावा लागला. व्यापारावर बंदी १८०७ ला आली होती, गुलामी उठवणारा कायदा १८३३ चा. त्यात २ कोटी पौंड भरपाई दिली ती मालकांना. त्या याद्या बघितल्या की पाद्री दिसतात, गावाकडच्या विधवा दिसतात, कधी समुद्र न ओलांडलेली माणसं, वारशात दोन-चार गुलाम आलेली. त्यासाठी काढलेलं कर्ज फिटायला २०१५ उजाडलं. राबलेल्यांना छदाम नाही, उलट आणखी चार वर्षं "उमेदवारी" म्हणून फुकट राबवलं.

जोतीराव फुल्यांनी १८७३ ला गुलामगिरी लिहिलं आणि ते अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केलं. त्यांचं मूळ गाव कटगुण तुमच्याच तालुक्यातलं. समुद्रापलीकडच्या माणसाचं दुःख आपल्या शूद्रातिशूद्रांच्या दुःखाशेजारी ठेवून बघणारा माणूस त्या काळात आपल्याकडं होता याचा मला फार अभिमान वाटतो.

आता ऊस कोण तोडत होतं ते. कलकत्त्याहून निघालेलं अॅटलास जहाज १८३४ च्या नोव्हेंबरात मॉरिशसला लागलं, त्यात करारावरचे हिंदी मजूर होते. १८३८ ला तसेच मजूर गयानाला उतरले, पुढं त्रिनिदाद, सुरीनाम, फिजी. पाच वर्षांचा करार, अंगठा, आणि कित्येक ठिकाणी राहायला गुलामांच्याच जुन्या चाळी. मुंबई बंदरातूनही माणसं मॉरिशसला गेली, त्यात कोकणातली मराठी माणसं बरीच, आणि तिथं आज जो मराठी समाज आहे, गणपती बसवतो, तो त्यांचाच. त्यांच्या करारात काय लिहिलेलं असायचं आणि प्रत्यक्षात काय पदरात पडायचं यावर तुम्ही आणखी तीन प्रश्न पाठवलेत, ते पुढच्या अंकात घेतो.